नारदमुनींची विचारपूस: सभापर्वाचा पाचवा अध्याय आणि गावची सोसायटी

गावच्या विकास सोसायटीची, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थेची, नवी इमारत झाली की फीत कापतात, भाषणं होतात, वरण-बट्टीच्या पंगती उठतात. महाभारताच्या सभापर्वातही असाच एक सोहळा आहे. मयासुरानं चौदा महिने खपून पांडवांना सभागृह बांधून दिलं. युधिष्ठिरानं हजारो ब्राह्मणांना जेवू घातलं आणि सभेत पाऊल ठेवलं. पुढे तिथं नारदमुनी आले. पाहुणचार झाला आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. खजिन्याचं काय, पगार वेळेवर होतात ना, तलाव भरलेत ना, शेतकऱ्याकडे बियाणं आहे ना? इमारतीचा विषय निघाला तो हे सगळं झाल्यावर, आणि तोही युधिष्ठिरानंच काढला.

हा सभापर्वाचा पाचवा अध्याय, शंभराहून अधिक श्लोकांचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही त्याचा क्रमांक पाचवाच आहे. जवळजवळ प्रत्येक श्लोक ‘कच्चित्’नं सुरू होतो, म्हणजे ‘असं आहे ना?’. रामायणाच्या अयोध्याकांडात शंभराव्या सर्गात चित्रकूटावर राम भरताला याच ढंगानं विचारतो, आणि काही श्लोक तर दोन्हीकडे जवळजवळ शब्दशः सारखे आहेत. राज्य चालवणाऱ्याला काय काय विचारायचं याची एक तयार यादी त्या काळी तोंडपाठ असावी, असं त्यावरून वाटतं.

नेतृत्वाबद्दल प्राचीन ग्रंथांतून सांगायचं म्हटलं की गीतेचे दोन श्लोक आणि चाणक्याच्या नावावर खपणारी पाच सुभाषितं एवढ्यावर काम भागवलं जातं. या अध्यायात उपदेश जवळजवळ नाहीच, आहे ती तपासणी. चांगला नेता कसा असतो याचं वर्णन करत न बसता नारदमुनी कालचा हिशेब आज सकाळी पाहिलास का, असं विचारतात. म्हणून तो सोसायटीच्या चेअरमनला, सरपंचाला, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाला आणि चार सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी) सांभाळणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू पडतो.

हिशेब: सकाळीच का?

नारदमुनी विचारतात, ‘कच्चिदायव्यये युक्ताः सर्वे गणकलेखकाः । अनुतिष्ठन्ति पूर्वाह्णे नित्यमायव्ययं तव ॥’ जमाखर्चावर नेमलेले सगळे गणक आणि लेखक रोज दुपारच्या आत तुझ्यापुढे जमाखर्च मांडतात ना? यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. हिशेब रोजचा हवा आणि तो दिवसाच्या पहिल्या भागात हवा. संध्याकाळी पाहिला तर चूक सापडूनही हातात दिवस उरत नाही. बँक बंद, खतविक्रीच्या काउंटरवरचा मुलगा घरी गेलेला. सकाळी पाहिला तर ज्याच्या हातून चूक झाली तो समोर असतो आणि त्याला कालचं आठवत असतं.

सोसायटीच्या खतविक्री केंद्रात हे पंधरा मिनिटांचं काम आहे. कालची सुरुवातीची शिल्लक, त्यात जमा, त्यातून खर्च वजा, खाली अखेरची शिल्लक. मग गल्ल्यातली रोख प्रत्यक्ष मोजायची, बँकेतली रक्कम मोबाईलवर पाहायची आणि दोन्हींची बेरीज रोजकीर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, ताडून पाहायची. नंतर गोणीचा साठा. युरियाच्या काल सकाळच्या गोण्यांतून विकलेल्या वजा केल्या की उरतील तेवढ्या गोदामात दिसायला हव्यात. शेवटी सेक्रेटरीची सही आणि त्या आठवड्याची पाळी असलेल्या संचालकाची सही.

बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी, गल्ल्यातल्या चिठ्ठीत. कोणीतरी ओळखीचा येतो, ‘दोन हजार दे, परवा देतो’ म्हणतो, आणि नोटांच्या जागी एक चिठ्ठी पडते. रोख मोजताना ती चिठ्ठीही रोख म्हणूनच मोजली जाते. पहिल्या आठवड्यात एक, आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) वीस. रोजकीर्द जुळते, खतावणी जुळते, तेरीजही जुळते आणि पैसे मात्र नसतात. वार्षिक सभेत कोणी उठून ‘पैसा कोठे गया?’ विचारलं की मग एकमेकांकडे बोटं. नियम एवढाच पुरतो: चिठ्ठी ही रोख नाही. द्यायचंच असेल तर व्हाऊचर करून त्या माणसाच्या नावे लिहा, ठराव असेल तरच द्या, आणि सकाळच्या मोजणीत गल्ल्यात कागद सापडला तर त्याच क्षणी तो वेगळा काढा.

याच्या जवळच खर्चाच्या मर्यादेचा प्रश्न आहे. उत्पन्नाच्या अर्ध्यात, चौथाईत किंवा तीन चौथाईत तुझा खर्च भागतो ना? अर्धा, पाव, पाऊण असे तीन आकडे दिलेत. पूर्ण उत्पन्न खर्चून बसलेला राजा या प्रश्नात कुठं बसतच नाही. वर्ष बरं असेल तर हात आखडून ठेवायचा आणि ओढ लागली तर पाऊणपर्यंत जायचं, असा व्यवहारी अर्थ त्यातून काढता येतो.

मात्र इथं एक घोटाळा हमखास होतो. समजा केळी विकणाऱ्या उत्पादक कंपनीची वर्षाची उलाढाल १ कोटी रुपये. त्यातले ९४ लाख शेतकऱ्यांना मालाचे दिले. उरले ६ लाख. उत्पन्न धरायचं ते या ६ लाखांना, त्यामुळे पाऊण म्हणजे साडेचार लाख. यात सीईओचा पगार, ऑफिसचं भाडं, क्रेटची तूटफूट, गाडीचं डिझेल, सगळं बसलं पाहिजे. १ कोटीचा आकडा डोळ्यापुढे ठेवून जो बोलेरो घेतो त्याची कंपनी तिसऱ्या वर्षी बंद पडते. केळीत तर हे जास्तच जपावं लागतं, कारण मेच्या शेवटी आणि जूनमध्ये एका वादळात अख्खी बाग आडवी होते आणि त्या हंगामाचं कमिशन शून्यावर येतं. सोसायटीचं गणित वेगळं. तिथं कर्जाच्या व्याजातली फरकाची रक्कम फार थोडी असते, म्हणून अर्ध्या-पाऊणचा नियम तिथं खतविक्रीच्या नफ्याला लावून पाहावा.

पगार, सालदार आणि राग

या अध्यायातला सर्वांत धारदार भाग मजुरीचा आहे. सैन्याला अन्न आणि वेतन ठरल्याप्रमाणे, वेळ आली की देतोस ना, ओढून धरत नाहीस ना? आणि इथं मात्र नारदमुनी प्रश्नाला कारणही जोडतात: ‘कालातिक्रमणाद्ध्येते भक्तवेतनयोर्भृताः’. वेळ टळली की नोकर हलाखीत सापडतात, मालकावर चिडतात, आणि त्यातून होणारा अनर्थ फार मोठा असतो. पगार कमी असल्याची तक्रार इथं नाही. अनर्थ होतो तो उशिरामुळे, असं श्लोक म्हणतो.

खान्देशात सालदारकी आखाजीला ठरते. अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंतचं साल, ठरलेली रक्कम, वर धान्य, कपडे, जोडे, आणि सुरुवातीला उचल. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. साल मोडतं ते रकमेवरून क्वचित. मोडतं ते उचलीच्या हिशेबावरून. मालकानं श्रावणात पाचशे दिले, पोळ्याला हजार, पोरगं आजारी म्हणून दोन हजार, आणि हे सगळं त्याच्या डोक्यात. सालदाराच्या डोक्यात दुसराच आकडा. दिवाळीपर्यंत दोघं आपापल्या परीनं खरे असतात आणि दोघांची तोंडं दोन दिशांना असतात.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: दोन वह्या. एक मालकाकडे, एक सालदाराकडे. उचल देताना दोन्हीत तारीख, रक्कम आणि उरलेली रक्कम, आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे. सालदाराला वाचता येत नसेल तर त्याच्या घरातल्या शाळकरी पोरीसमोर आकडा मोठ्यानं वाचायचा. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेला हिस्सा द्यायचा. कापूस विकल्यावर एकदम देऊ, हे वाक्य बोलायचंच नाही. भाव पडला म्हणून कापूस घरात पडून राहिला तर ती जोखीम मालकाची. सालदारानं काही भावावर सौदा केलेला नसतो.

केळी कापणाऱ्या आणि गाडी भरणाऱ्या टोळीचंही तेच. रावेर-यावलच्या पट्ट्यात घड उतरवून, फण्या वेगळ्या करून, धुऊन, क्रेटमध्ये भरून ट्रक हलेपर्यंत टोळी पहाटेपासून राबते. त्यांचे पैसे ट्रक हलल्यावर त्याच दिवशी. व्यापाऱ्याकडून कंपनीला आठ दिवसांनी मिळणार असतील तर तो आठ दिवसांचा ताण कंपनीनं आपल्या खेळत्या भांडवलातून उचलायचा. खेळतं भांडवल नसेल तर तेवढ्या गाड्या भरायच्या नाहीत. उत्पादक कंपन्या मोडतात त्या पुष्कळदा इथं. शेतकऱ्याला ‘सात दिवसांत पैसे’ सांगितलेलं असतं, एकविसावा दिवस उजाडतो, आणि पुढच्या हंगामात तोच शेतकरी बांधावर रोख देणाऱ्या व्यापाऱ्याला माल देतो. त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही.

याच ओघात आणखी तीन प्रश्न येतात. तुझ्यासाठी मेलेल्यांच्या आणि संकटात सापडलेल्यांच्या बायकामुलांना पोसतोस ना? विहिरीच्या कामावर, विजेच्या तारेवर, थ्रेशरमध्ये हात गेलेल्या मजुराच्या घरी महिना संपल्यावर कोण जातं, हे प्रत्येक संस्थेनं स्वतःला विचारावं. टोळीतल्या प्रत्येकाचा अपघात विमा बँक खात्यातून काढता येतो आणि त्याचा वर्षाचा हप्ता चहाच्या दोन-चार कपांइतका असतो. तो भरला गेलाय का, हे पाहण्याचं काम कोणाच्याच नावावर नसतं म्हणून राहतं.

दुसरा प्रश्न: आपल्या हिमतीनं काम शोभिवंत करणाऱ्याला अधिक मान किंवा अधिक वेतन मिळतं ना? तिसरा: केलेलं काम तू जाणतोस ना, करणाऱ्याची वाखाणणी करतोस ना, आणि भल्या माणसांच्या बैठकीत त्याचा सत्कार करतोस ना? आधी काम जाणून घ्यायचं, मग माणसाचं नाव घ्यायचं, आणि तेही चारचौघांत. आपल्याकडे शाल-श्रीफळ ज्याला मिळतं त्यानं काय केलं हे सूत्रसंचालकालाही माहीत नसतं. वॉचमननं पावसाळ्यात गोदामातली गळती वेळेवर पाहून चाळीस गोण्या हलवल्या, असं वार्षिक सभेत त्याच्या नावानिशी वाचून दाखवा. शाल नसली तरी चालेल.

मसलत: किती जणांशी आणि कुठपर्यंत

‘कच्चिन्मन्त्रयसे नैकः कच्चिन्न बहुभिः सह’: एकट्यानंच ठरवत नाहीस ना, आणि फार जणांना घेऊनही बसत नाहीस ना? तुझी मसलत राज्यभर धावत सुटत नाही ना? आकडा नारदमुनींनी दिलेला नाही. तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळतो: तीन किंवा चार मंत्री. कारणंही तिथं दिलीत. एकाशीच बोललास तर अवघड प्रसंगी निर्णय लागत नाही. दोघांशी बोललास आणि ते एक झाले तर तुला दाबतात, भांडले तर तुझा नाश करतात. तीन-चार जण असले तर असं सहसा होत नाही.

सोसायटीत दहा-तेरा संचालक असतात, उत्पादक कंपनीत कायद्यानं पाच ते पंधरा. एवढ्या जणांत मूळ विचार होत नाही, मान डोलावण्याचा कार्यक्रम होतो. म्हणून तीन-चार जणांची उपसमिती नेमून विषय आधी तिथं दळून घ्यायचा आणि मग संपूर्ण मंडळापुढे ठेवायचा. ठराव मंडळाचाच, तयारी उपसमितीची.

गुप्ततेचा अर्थ मात्र भलताच लावला जातो. लपवायची ती निर्णयाआधीची चर्चा. निर्णय झाल्यावर तो फलकावर लागलाच पाहिजे. केळीच्या व्यापाऱ्याशी उद्या भाव ठरवायचाय आणि बैठकीत ठरलं की अमुक भावाच्या खाली द्यायचं नाही. तासाभरात तो आकडा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि संध्याकाळी व्यापारी बरोबर त्याच आकड्यावर येऊन थांबतो. उलट, टेंडर कोणाला गेलं हे तीन महिने कोणालाच कळू द्यायचं नाही, याला मसलत राखणं म्हणत नाहीत, त्याला दुसरं नाव आहे.

कौटिल्यानं मसलतीची पाच अंगंही सांगितली आहेत: काम सुरू करण्याचा उपाय, माणसं आणि सामान, जागा आणि वेळेची वाटणी, विघ्नावरचा इलाज, आणि काम सिद्धीस जाणं. आपले ठराव का फसतात हे पाहायला यापेक्षा चांगली मोजपट्टी सापडणं कठीण. ‘नाल्यावरच्या केटी वेअरच्या प्लेटा टाकण्यात याव्यात, सर्वानुमते मंजूर’ एवढ्या ओळीचा ठराव या पाच अंगांवर ठेवून पाहू. केटी वेअर म्हणजे गाळ्यांत लोखंडी प्लेटा बसवून पाणी अडवणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा.

सुरुवात कशी करायची? बंधारा कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे ते पाहून त्यांचं पत्र घ्यायचं आणि प्लेटा कुठं ठेवल्यात तिथं जाऊन मोजायच्या. माणसं आणि सामान: किती गाळे, गाळ्यागणिक किती प्लेटा, त्यातल्या किती वाकलेल्या, रबराची सीलं किती नवी लागणार, उचलायला टोळी की ट्रॅक्टरची क्रेन. वेळ हा यातला सर्वांत नाजूक भाग. परतीचा पाऊस ओसरला आणि नाल्याला अजून धार आहे, एवढ्याच दिवसांत प्लेटा पडल्या पाहिजेत, म्हणजे साधारण ऑक्टोबरचा मध्य. लवकर टाकल्या तर एखादा लोंढा प्लेटांसकट काठ कापून नेतो. दिवाळी होऊ द्या म्हटलं तर धार आटलेली असते आणि कोरड्या पात्रात लोखंड उभं राहतं. ठरावात तारीख नसते म्हणून दर वर्षी दिवाळी मध्ये येते.

विघ्नांत अवकाळी पावसाचा लोंढा रात्री आला तर दोन गाळे कोण उघडणार, त्याचं नाव आणि पान्याची जागा आधी ठरलेली हवी. दुसरं विघ्न चोरीचं. उन्हाळ्यात काढलेल्या प्लेटा पात्राच्या काठावर पडल्या की भंगारात जातात. त्या शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कुलपाखाली, रंगानं क्रमांक टाकून ठेवायच्या. आणि काम झालं म्हणायचं ते प्लेटा बसल्यावर नाही. भिंतीवर रंगवलेल्या खुणेपर्यंत पाणी चढलं आणि आठवड्यानंतरही सीलमधून धार वाहत नाही, तेव्हा ते पूर्ण झालं. जूनच्या आत प्लेटा परत काढण्याची तारीखही याच ठरावात हवी.

एवढं लिहायला ठराव दीड पान होतो आणि सेक्रेटरी कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

माणसं नेमणं आणि काढणं

यावर नारदमुनींचे प्रश्न थोडे आणि सरळ आहेत. उत्तम, मध्यम, कनिष्ठ माणसं ओळखून ज्याला जे जमेल तेच काम देतोस ना? हावरे, चोर, वैरी किंवा कामाचं वय-अनुभव नसलेले नेमलेले नाहीत ना? हजार मूर्ख देऊन एक जाणता घेतोस ना? आणि खान्देशातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात भिंतीवर लिहून ठेवावा असा प्रश्न: कामात मुरलेल्या, हित पाहणाऱ्या माणसाला आधी दोष सिद्ध झाल्याशिवाय कामावरून दूर करत नाहीस ना?

सोसायटीत पॅनल बदललं की पहिला बळी जुन्या क्लार्कचा. तो गेला की कुणाच्या सातबाऱ्यावर कोणत्या सालचा बोजा आहे, कोणत्या सभासदाचा वारस अजून लागलेला नाही, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. नवीन माणसाला ते उलगडायला वर्ष लागतं, आणि त्या वर्षात ३१ मार्चची वसुली येतेच. दोष असेल तर लेखी नोटीस, खुलासा, चौकशी, मग निर्णय. दोष नसेल तर तो ‘त्यांचा माणूस’ आहे हे कारण पुरत नाही.

याच्याच जोडीला न्यायाचे दोन प्रश्न येतात. शुद्ध मनाच्या भल्या माणसावर चोरीचा आळ घेऊन, अडाणी अधिकारी लोभापायी त्याला मारत नाहीत ना? आणि मुद्देमालासकट पकडलेला चोर पैसे घेऊन सोडला जात नाही ना? दोन्हीकडे कारण लोभच दिलंय. त्याच्याही पुढचा प्रश्न आहे की लोभी लोकांकडून, चोरांकडून, राजकुमारांकडून किंवा ‘त्वया वा’, खुद्द तुझ्याकडून, राष्ट्राला त्रास होत नाही ना? गादीवर बसलेल्याला तोंडावर हे विचारणं सोपं नाही. चेअरमनचा मुलगा आणि चेअरमन स्वतः, दोघंही या प्रश्नात आले.

तलाव, बियाणं, कर्ज

‘कच्चिद्राष्ट्रे तडागानि पूर्णानि च बृहन्ति च । भागशो विनिविष्टानि न कृषिर्देवमातृका ॥’ राज्यात मोठे, भरलेले तलाव भागाभागांत वाटून बांधलेत ना, शेती फक्त पावसाच्या भरवशावर नाही ना? ‘भागशो’ हा शब्द सोडून पुढे जाऊ नये. एकच मोठं धरण बांधून भागत नाही, पाणी जागोजाग हवं.

साक्री-धुळे भागात पांझरेवर शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत याचंच जितं उदाहरण. बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून ठरलेलं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, वर पंच. पाटकऱ्याचं आणि जागल्याचं काम वेगळं ठेवलंय हे मुद्दाम पाहावं. पाणी वाटणाराच पिकाची राखण करू लागला तर दोन्हींचा हिशेब त्याच्याच तोंडी राहतो. शिवाय पाणी कमी पडलं तर कोणता फड सोडायचा हे आधी ठरवता येतं, म्हणजे तोटाही वाटून घेतला जातो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला जे दर उन्हाळ्यात सोसावं लागतं, ते इथं नियमानंच टाळलं होतं.

पुढचा श्लोक शेतकऱ्याच्या बियाण्याचा, जेवणाचा आणि कर्जाचा आहे. अडचणीतल्या कुणब्याला बी आणि अन्न देतोस ना, शेकड्याला थोडक्या वाढीवर कर्ज देतोस ना? व्याजाच्या आकड्यात पाठभेद आहेत, म्हणून त्यावर वाद घालू नये. पण कर्ज हा ‘अनुग्रह’ आहे, सवलत आहे, हा शब्द सगळीकडे आहे. कारागिरांबद्दलचा प्रश्न आणखी नेमका: सगळ्या शिल्पकारांना किमान चार महिने पुरेल इतकं सामान आणि अवजारं वेळेवर देतोस ना? सोसायटीला हे जसंच्या तसं लागू आहे. खरिपाची खतं मे महिन्यात गोदामात असली तर उपयोग. पेरणी झाल्यावर रांगेत उभं राहून मिळालेली गोणी ही चार महिन्यांची तरतूद नव्हे.

काय सोडून द्यायचं

या अध्यायात हेर कसे नेमावेत, शत्रूच्या राज्यात पिकं तयार होण्याच्या वेळी चाल कशी करावी, असेही प्रश्न आहेत. ते त्या काळचे, तिथंच ठेवावेत. एक श्लोक बायकांवर विश्वास टाकू नये आणि त्यांना गुपित सांगू नये असं सुचवतो. तो सरळ बाजूला सारावा. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि जिथं सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसून सह्या उरकतात तिथं बिघाड विश्वास टाकल्यानं झालेला नसतो. जुना ग्रंथ वाचायचा तो निवडून. सगळंच डोक्यावर घेणारे आणि सगळंच फेकणारे, दोघांचंही वाचन सारखंच कमी असतं.

शेवटाकडे नारदमुनी चौदा राजदोष मोजतात: नास्तिक्य, खोटं, राग, गाफीलपणा, चेंगटपणा, जाणत्यांची भेट न घेणं, आळस, चंचलपणा, एकट्यानं विचार करणं, अडाण्यांशी विचार करणं, ठरलेलं सुरू न करणं, मसलत न राखणं, मंगल कामं टाळणं, विषयांत गुरफटणं. रामायणातल्या यादीत एक-दोन नावं बदलतात. चौदांपैकी निम्मे तरी थेट कामकाजाचे आहेत, चारित्र्याशी त्यांचा संबंध लांबचा. ‘ठरलेलं सुरू न करणं’ हा तर इतिवृत्ताच्या वहीत दर महिन्याला सापडतो.

युधिष्ठिरानं हे सगळं ऐकलं, माझी बुद्धी वाढली म्हणाला, सांगितलंत तसंच करीन म्हणाला. आणि याच सभापर्वात पुढे विदुर द्यूताचं आमंत्रण घेऊन येतो, जुगार हे अनर्थाचं मूळ आहे असं स्वतःच सांगतो, आणि युधिष्ठिर जातो. बोलावलं तर माघार घ्यायची नाही हे त्याचं व्रत. खेळाच्या मध्यावर तो भावांनाही विचारत नाही, त्यांनाच पणाला लावतो. सगळं हरून सुटल्यावर पुन्हा बोलावणं येतं आणि तो पुन्हा बसतो. आखाजीला झाडाखाली पत्त्यांचे डाव टाकणाऱ्या खान्देशाला हे फार समजावून सांगायला नको. चौदा दोषांतला नववा, एकट्यानं ठरवणं, आणि चौदावा, नाद, एवढे दोन पुरले. यादी पाठ असल्यानं काही वाचलं नाही, कारण त्या दिवशी विचारणारं कोणी नव्हतं.

बैठकीत हे कसं आणायचं

शंभर प्रश्न घेऊ नका. दहा-बारा निवडा आणि आपल्या भाषेत लिहा. ‘या महिन्यात कोणाचा पगार, मजुरी किंवा मालाचे पैसे ठरल्या तारखेनंतर दिले गेले का? किती दिवसांनी?’ ‘मागच्या ठरावांतले कोणते सुरूच झाले नाहीत?’ ‘रोजकीर्दीवर किती दिवस दुसरी सही नाही?’ प्रश्न असा असावा की ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. नारदमुनींच्या प्रश्नांना ‘हो’ म्हणता येत होतं आणि युधिष्ठिर तेच म्हणाला, हा त्या पद्धतीतला कच्चा दुवा. म्हणून उत्तरात आकडा, तारीख किंवा कागद मागा.

विचारणारा कोण, यावर सगळं अवलंबून. नारदमुनी युधिष्ठिराच्या पगारावर नव्हते, वनवासी रामाला भरताकडून काही नको होतं. गावात निवृत्त शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले पोस्टमास्तर, बचत गटाचं खातं वर्षानुवर्षं चोख ठेवलेल्या एखाद्या ताई पाहा. त्यांचं संस्थेकडे कर्ज नको, त्यांचा मुलगा तिथं नोकरीला नको आणि पुढच्या निवडणुकीत त्यांना उभं राहायचं नसावं. उत्पादक कंपनीच्या मंडळाची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा घ्यावीच लागते. तिच्या पहिल्या अर्ध्या तासात, विषयपत्रिकेला हात लावण्याआधी, त्यांनी प्रश्न वाचायचे. सोसायटीत मासिक सभेत.

पहिल्या दोन बैठका अवघडल्यासारख्या जातात. तिसऱ्या बैठकीत चेअरमन म्हणतात, ‘अण्णा, आज वेळ कमी आहे, प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.’ तेव्हा अण्णांनी वही मिटायची नाही. निदान पगाराचा आणि रोख शिल्लकेचा, हे दोन तरी त्या दिवशी विचारायचे, आणि उत्तरं इतिवृत्तात आकड्यांनिशी लिहून घ्यायची. उरलेले कोणत्या तारखेला घ्यायचे तेही तिथंच लिहायचं, चेअरमनच्या सहीच्या वर.